झिपमधली मराठी नावं बिघडली, तर ती परत कशी मिळवायची

गेल्या उन्हाळ्यात सेलूहून एक मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आली. आजोबांच्या लाकडी पेटीतले कागद तिच्या पुण्याच्या चुलतभावाने स्कॅन केले होते आणि एका झिप फाइलीत बांधून पाठवले होते. "सर, फोटो तर सगळे दिसायलेत, पण नावं बघा की. काय झालंय तेच कळंना," ती म्हणाली. दोनशे चौदा स्कॅन होते आणि एकाचंही नाव वाचता येत नव्हतं.

एरवी फोटोचं नाव बिघडलं तर फोटो उघडून बघावा आणि नवं नाव द्यावं. इथे ती सोय नव्हती, कारण कागद मोडीत आणि उर्दूत होते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या महसुली कागदांत उर्दू येतेच, आणि त्या घरात आता दोन्हीपैकी एकही लिपी वाचणारं कुणी उरलेलं नाही. चुलतभावाने एका मोडी जाणणाऱ्या बाईंसमोर एकेक कागद ठेवला होता आणि त्यांनी सांगितलेलं फाइलीच्या नावात लिहून ठेवलं होतं: 'विहिरीतला चौथा हिस्सा', 'पणजीच्या माहेरची इनाम जमीन', 'सेतवार उतारा'. त्या कागदांचं वाचन असं कुठेच नव्हतं, फक्त या नावांत होतं.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातल्या जुन्या दस्तांत कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली. तेव्हापासून माझ्याकडे असे गठ्ठे वारंवार येतात. वडिलांचा टीसी, खासरा पत्रक, जन्म-मृत्यूच्या नोंदीचं पान, सगळं मोबाइलवर स्कॅन करून झिप केलेलं. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो आहे. आज्ञा आणि बटणांची नावं मी इथे फोनवर वाचून दाखवावी तशी देवनागरीत देतो. संगणकावर ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची.

हे होतं कसं

झिप हा प्रकार फिल कात्झ यांनी १९८९ मध्ये आणला. तेव्हा फाइलीची नावं आयबीएमच्या ४३७ क्रमांकाच्या कोडपेजमध्ये लिहायची पद्धत होती. कोडपेज म्हणजे एक कोष्टक: शून्यापासून २५५ पर्यंतच्या प्रत्येक आकड्याला एक खूण. असा एक आकडा म्हणजे एक बाइट. ४३७ मध्ये इंग्रजी अक्षरं, युरोपातली काही अक्षरं, थोडी ग्रीक आणि चौकटी काढायच्या रेषा आहेत. देवनागरी त्यात नाही.

आज मराठी नाव यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं युनिकोड बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, लिहिलं जातं आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठवाडा' या शब्दात काना धरून आठ चिन्हं आहेत, म्हणजे चोवीस बाइट. झिपच्या नियमांत २००६ साली एक दुरुस्ती झाली. प्रत्येक फाइलीच्या माहितीत अकरा क्रमांकाचा एक बिट, म्हणजे चालू-बंद होणारी खूण, ठरवला गेला, आणि तो चालू असेल तर नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असं समजायचं. बांधणाऱ्या प्रोग्रॅमने नाव यूटीएफ-८ मध्ये लिहिलं पण हा बिट चालू केला नाही, की उघडणारा ते जुन्या कोष्टकातून वाचतो. मॅकवरच्या अंगभूत झिपने वर्षानुवर्षं हेच केलं आहे. बाइट जसेच्या तसे शाबूत असतात, वाचणाऱ्याच्या हातात कोष्टक तेवढं चुकीचं असतं.

आणखी एक गोष्ट खास आपल्या लिपीची आहे. जपानीसाठी, रशियनसाठी, अरबीसाठी विंडोजमध्ये आपापली जुनी कोडपेज होती, त्यामुळे तिकडच्या जुन्या झिप त्या कोष्टकातून उघडता येतात. हिंदी-मराठीसाठी विंडोजने असं चालू कोडपेज कधी दिलंच नाही, सरळ युनिकोडपासून सुरुवात केली. म्हणजे आपल्या नावापुढे दोनच वाटा असतात. एक तर ते यूटीएफ-८ मध्ये शाबूत असतं, नाही तर युनिकोड न कळणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमने ते बांधतानाच प्रश्नचिन्हं करून टाकलेलं असतं. मधली वाट जवळजवळ नाही. त्यामुळे परदेशी लेखांत 'हे कोडपेज लावून बघा, नाही तर ते लावून बघा' असा सल्ला दिसतो, तसं आपल्याला फारसं करावं लागत नाही.

पहिली पायरी: सोडवू नका, बघा

झिपची एक प्रत वेगळी ठेवा आणि मूळ फाइलीला हात लावू नका. मग झिप न सोडवता, म्हणजे आतल्या फाइली बाहेर न काढता, नुसती उघडून आतली नावं नीट बघा. नावाच्या जागी काय दिसतंय यावरूनच रोग ओळखता येतो, म्हणून इथे घाई करू नका.

ग्रीक अल्फा आणि त्यामागे डोक्यावर लाट असलेला एन, ही जोडी पुन्हा पुन्हा येते आहे? मग खुशाल श्वास सोडा. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट ठरलेले आहेत. संगणकाच्या सोळाच्या मोजणीत सांगायचं तर ई-शून्य, आणि मग ए-चार किंवा ए-पाच. ४३७ मध्ये ई-शून्यची खूण अल्फा आहे, ए-चारची छोटा लाटवाला एन आणि ए-पाचची मोठा. तिसरा बाइट अक्षरागणिक बदलतो. ४३७ च्या कोष्टकात एकही घर रिकामं नाही, त्यामुळे हा बिघाड शंभर टक्के उलटवता येतो. अल्फाच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला मोठा ओ दिसत असेल तर तो संगणक इंग्लंडच्या इंग्रजीवर लावलेला आहे आणि कोडपेज ८५० आहे. उपाय तोच, आकडा बदलायचा.

डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेला छोटा ए आणि मागे येनची खूण किंवा चार काट्यांचं गोल चलनचिन्ह दिसतंय? मग नाव विंडोजच्या १२५२ कोडपेजमधून वाचलं गेलंय. इथे जरा धोका आहे. १२५२ मध्ये पाच घरं रिकामी आहेत, आणि दुर्दैवाने ती नेमकी आपल्या नेहमीच्या अक्षरांवर येतात. ए, ऐ, झ, ह्रस्व उकार आणि सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे हलन्त. या चिन्हांचा तिसरा बाइट त्या रिकाम्या घरात पडतो आणि काही प्रोग्रॅम तो सरळ टाकून देतात. मग नाव उलटवल्यावर 'पत्र' असेल तिथे मधेच तुटलेलं काहीतरी मिळतं. झिप अजून हातात असेल तर काळजी नाही, बिघडलेलं फक्त दिसणं आहे. नावं सोडवून, पुन्हा कॉपी होऊन, कुठल्या यादीत चिकटवली गेली असतील तर मात्र काही जोडाक्षरं हाताने भरावी लागतील.

अल्फा कुठेच नाही, पण नावभर चौकटी काढायच्या उभ्या-आडव्या रेषा दिसतायत? मग ते नाव बहुधा उर्दूत आहे. अरबी लिपीचे पहिले बाइट ४३७ मध्ये नेमके रेषांच्या घरांवर येतात. आमच्याकडच्या गठ्ठ्यांत काही फाइलींना मूळ उर्दू मथळा दिलेला असतो, तिथे हे हमखास होतं. उपाय मराठीचाच. फक्त उर्दूला विंडोजचं १२५६ हे कोडपेज उपलब्ध होतं, म्हणून यूटीएफ-८ ने नाव जुळलं नाही तर १२५६, आणि मग ७२० लावून बघावं.

हॅशची खूण, मोठा यू आणि चार आकडी अंक अशी माळ दिसली तर सोपं आहे. लिनक्सवरच्या अनझिप या प्रोग्रॅमला तुमच्या टर्मिनलची (आज्ञा टाइप करायच्या खिडकीची) भाषा यूटीएफ-८ नाही असं वाटलंय. शून्य-नऊ-दोन-ई म्हणजे म, असे ते युनिकोडचे क्रमांक आहेत. ती भाषेची मांडणी, म्हणजे लोकेल, यूटीएफ-८ करून पुन्हा सोडवा.

रिकामे चौकोन दिसत असतील तर नाव बरोबर आहे, त्या संगणकावर देवनागरी फॉन्ट तेवढा नाही. आणि रोमन अक्षरांचा अर्थहीन गोळा असेल, पण त्यात अल्फा, एन, येन यातलं काहीच नसेल, तर तो वेगळाच आजार. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कुणीतरी तसाच नावाच्या जागी चिकटवलेला असतो. तिथे कोडपेज बदलून काही होणार नाही, त्या फॉन्टचा युनिकोड परिवर्तकच लागेल.

राहिली प्रश्नचिन्हं आणि अधोरेषा. त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरी पायरी: तीच झिप फोनवर उघडा

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि गोंधळ बराच मिटवतं. अँड्रॉइड झिपमधली नावं बहुधा यूटीएफ-८ धरूनच वाचतं. फोनवर नावं नीट मराठीत दिसली आणि संगणकावर बिघडलेली दिसली, तर झिप चांगली आहे, संगणकाचं वाचन चुकतंय. दोन्हीकडे तोच कचरा दिसला तर नावं झिपमध्ये शिरण्याआधीच बिघडली होती. असं होतं ते मधल्या माणसामुळे. त्याने बिघडलेल्या नावांसकट झिप सोडवली, फोल्डर पुन्हा बांधलं आणि पुढे पाठवलं. आता तो कचराच अधिकृत नाव झालाय, बिट अकरासकट. अशा वेळी मूळ झिप मागवता आली तर उत्तम, नाहीतर खाली सांगितलेली उलट फेर लावावी.

तिसरी पायरी: योग्य कोष्टक सांगून सोडवणं

विंडोजवर मी सेव्हन-झिप वापरतो. ते फुकट आहे आणि सायबर कॅफेपासून सेवा केंद्रापर्यंत बहुतेक संगणकांवर असतंच. नेहमीच्या खिडकीतून कोडपेज सांगता येत नाही, त्यासाठी काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, जावं लागतं. ड्राइव्हच्या मुळाशी एका अक्षराचं छोटं फोल्डर करा, झिप त्यात ठेवा आणि झिपचं नाव साधं इंग्रजी करा. फोल्डर उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत सीएमडी टाइप करून एंटर दाबा.

आधी यादी काढायची: सेव्हन-झेड, मोकळी जागा, एल, मोकळी जागा, हायफन एमसीपी बरोबर ६५००१, मोकळी जागा, फाइलीचं नाव. ६५००१ हा विंडोजच्या हिशेबात यूटीएफ-८ चा क्रमांक. संगणकाला सेव्हन-झेड सापडलं नाही तर प्रोग्रॅम फाइल्समधला त्याचा पूर्ण रस्ता दुहेरी अवतरणात द्या.

इथे लोक एकदा हमखास फसतात. काळ्या खिडकीला देवनागरी नीट दाखवता येत नाही, त्यामुळे नावं बरोबर वाचली गेली तरी तिथे चौकोन दिसतात आणि माणूस समजतो की जमलं नाही. म्हणून आज्ञेत हायफन एससीसी यूटीएफ-८ जोडा आणि शेवटी 'पेक्षा मोठे' ची खूण करून यादी एका टेक्स्ट फाइलीत पाठवा. ती नोटपॅडमध्ये उघडा. मराठी दिसली की तीच आज्ञा एलच्या जागी एक्स घालून चालवा, नावं बरोबर येऊन फाइली सुटतील.

ज्यांच्याकडे विनरार आहे त्यांना हे माऊसनेच जमतं. झिप उघडून ऑप्शन्स मेनूत नेम एन्कोडिंग निवडायचं, यूटीएफ-८ वर क्लिक करायचं आणि नावं डोळ्यांदेखत सुधारली की सोडवायची.

लिनक्सवर अनआर हा प्रोग्रॅम मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. आधी एलएसएआर हायफन ई यूटीएफ-८ आणि फाइलीचं नाव देऊन यादी बघा, मग त्याच पद्धतीने अनआर. उबुंटूच्या अनझिपमध्ये हायफन आणि मोठा ओ, मग यूटीएफ-८ असाही पर्याय आहे, पण तो त्यांनी जोडलेला आहे, सगळ्या अनझिपमध्ये मिळत नाही.

सेलूच्या त्या झिपला विंडोजवर अल्फा दिसत होते आणि फोनवर नावं व्यवस्थित होती. एक्सची आज्ञा चालवल्यावर अर्ध्या मिनिटात दोनशे अकरा नावं परत आली. तीन फाइली सुटल्याच नाहीत, आणि त्याचं कारण लांबी.

नाव फार लांब झालं तर

विंडोजच्या बऱ्याच प्रोग्रॅमना फोल्डरसकट पूर्ण रस्ता २६० चिन्हांच्या आत लागतो. नाव मुळातच लांब असेल तर ती ओलांडली जाते, आणि मराठी नाव बिघडलेलं असेल तर ते तिप्पट लांब होतं. साठ चिन्हांचं नाव एकशे ऐंशीचं होतं, त्यात डेस्कटॉपपर्यंतचा रस्ता मिळवला की मर्यादा संपते. म्हणून तर ड्राइव्हच्या मुळाशी एका अक्षराचं फोल्डर करायला सांगितलं. मुलीने आपल्याआपण आधी तसं केलं नव्हतं आणि मीही पहिल्या खेपेला डेस्कटॉपवरच सोडवलं होतं. जागा बदलल्यावर उरलेल्या तिन्ही फाइली सुटल्या.

लिनक्सवर हिशेब वेगळा आहे. तिथे एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची पंच्याऐंशीच चिन्हं. विंडोजवर सुखाने राहिलेलं शंभर चिन्हांचं नाव तिथे उतरणारच नाही. कागदाची सगळी हकीकत नावात लिहायची सवय असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. 'शेतकऱ्यांची' हा पाच अक्षरांचा वाटणारा शब्द अकरा चिन्हांचा आणि तेहतीस बाइटचा आहे.

झिप हातात नाही, फक्त बिघडलेलं फोल्डर आहे

असं झालं तर नाव उलट्या वाटेने न्यायचं. बिघडलेल्या नावाचे ४३७ च्या कोष्टकातून पुन्हा बाइट करायचे आणि ते बाइट यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे एका ओळीचं काम आहे: नाव, डॉट एन्कोड, कंसात सीपी४३७, मग डॉट डिकोड, कंसात यूटीएफ-८. नाव १२५२ ने बिघडलं असेल तर तो आकडा घाला.

भोवतीची काळजी त्या ओळीपेक्षा महत्त्वाची आहे. फोल्डरची प्रत घ्या. प्रोग्रॅमला आधी काहीही बदलू न देता जुनं नाव आणि नवं नाव शेजारी-शेजारी छापायला सांगा आणि ती यादी वाचा. ज्या नावाचं रूपांतर फसलं ते सोडून द्यायला सांगा. आधीच नीट असलेली मराठी नावं आपोआप सुटतात, कारण ती ४३७ मध्ये बसतच नाहीत. आतली फोल्डरं आधी आणि बाहेरची नंतर बदला, नाहीतर रस्ता मधेच बदलतो आणि पुढच्या फाइली सापडत नाहीत. पायथॉनच्या ओएस-वॉकला टॉपडाउन फॉल्स सांगितलं की हा क्रम आपोआप लागतो.

लिनक्सवर कॉन्व्हएमव्ही नावाचं साधन हेच करतं: हायफन एफ यूटीएफ८, हायफन टी सीपी४३७, हायफन आर आणि फोल्डर. ते मुळातच आधी फक्त दाखवतं, बदलत नाही. यादी पटली की दोन हायफन आणि नोटेस्ट लावून खरं चालवायचं.

प्रश्नचिन्हं आणि अधोरेषा

हा भाग लिहिताना मला अजून वाईट वाटतं. चारेक वर्षांपूर्वी एका ओळखीच्या घरचे कागद एका दुकानातल्या जुन्या प्रोग्रॅमवर झिप झाले होते आणि नावांची सगळी प्रश्नचिन्हं झाली होती. विंडोजच्या फाइल-नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, म्हणून सोडवताना त्याची अधोरेषा होते. मग चार अक्षरी नावाच्या सगळ्या फाइली एकाच नावाच्या होतात. मी झिप सोडवायला घेतली, 'आधीची फाइल बदलू का' असं विचारणारी खिडकी आली आणि मी 'सगळ्यांना हो' दाबलं. शंभरावर स्कॅनपैकी मोजकेच उरले, बाकी एकमेकांवर लिहिले गेले. झिप जवळ होती म्हणून कागद वाचले. ती खिडकी आली की 'ऑटो रिनेम' निवडा, किंवा सेव्हन-झिपच्या आज्ञेत हायफन एओयू लावा. 'हो' कधीच दाबू नका.

या झिपमधून नावं परत येत नाहीत, कारण ती बाइटमध्येच उरलेली नाहीत. पण पाठवणाऱ्याकडे मूळ फाइली असतील तर पुन्हा सगळा गठ्ठा पाठवायची गरज नाही. आमच्याकडे तालुक्याबाहेर नेट अजून रडतखडत चालतं आणि पाचशे एमबी चढवायला रात्र जाते. झिप प्रत्येक फाइलीसोबत तिच्या मजकुराचा सीआरसी-३२ नावाचा आठ अंकी-अक्षरी ठसा जपून ठेवते. नाव बदललं तरी मजकूर तोच असेल तर ठसा तोच राहतो. पाठवणाऱ्याला सांगा: मूळ फोल्डरमध्ये सेव्हन-झेड, एच, ताऱ्याची खूण, सोबत हायफन एससीसी यूटीएफ-८, आणि निकाल टेक्स्ट फाइलीत. ती काही केबीची यादी व्हॉट्सॲपवर येते. तुमच्याकडे सेव्हन-झिपच्या खिडकीत सीआरसीचा रकाना दिसतो. ठसा ठशाशी जुळवा आणि नाव द्या. वीस-तीस फाइली असतील तर हे हातानेही होतं, जास्त असतील तर एक्सेलमध्ये व्हीलुकअप लावा. अट एकच, मधे कुणी फोटो फिरवून किंवा लहान करून साठवलेला नसावा.

नाव बरोबर दिसतं, पण शोधलं तर सापडत नाही

हा बिघाड डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून लोक त्याला बिघाड मानत नाहीत. सेलूच्या फोल्डरमध्ये 'शेतकऱ्यांची सही' नावाची फाइल समोर दिसत होती आणि शोधपट्टीत तेच टाइप केलं तर काही मिळत नव्हतं.

फ्रेंच-स्पॅनिश लोकांना त्यांच्या चिन्हवाल्या अक्षरांचा जो त्रास होतो, तोच मराठीत ऱ मुळे होतो. नुक्ता, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खाली वेगळा नुक्ता म्हणून. जुन्या मॅकची फाइल-व्यवस्था नावातली अशी अक्षरं सुटी करून ठेवायची, आणि झिप केली की ती तशीच सुटी बाहेर पडायची. त्याशिवाय काही कीबोर्ड ऱ्य लिहिताना ऱ वापरतच नाहीत. ते साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारा जोडक घालतात. म्हणजे शेतकऱ्यांची, वऱ्हाड, कुऱ्हाड, दऱ्या हे शब्द तीन वेगवेगळ्या बाइट-माळांत लिहिलेले असू शकतात आणि पडद्यावर तिन्ही सारखेच. एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्या तर आधी हा संशय घ्या.

पहिल्या दोन रूपांना युनिकोड एकच मानतं, त्यामुळे सगळ्या नावांना एनएफसी हा प्रमाणरूपाचा नियम लावला की ती एक होतात. कॉन्व्हएमव्हीला दोन्हीकडे यूटीएफ८ देऊन दोन हायफन एनएफसी सांगायचं. पायथॉनमध्ये युनिकोडडेटामधलं नॉर्मलाइझ आहे. तिसऱ्या, जोडकवाल्या रूपाला हा नियम पोचत नाही. तिथे 'र, हलन्त, जोडक' शोधून 'ऱ, हलन्त' असं बदलावं लागतं. ॲ चंही असंच आहे. २००८ मध्ये त्याला स्वतःचं चिन्ह मिळालं, पण अजून बरेच जण अ वर चंद्र देऊन लिहितात आणि एनएफसी या दोघांना एक करत नाही. हा बदलसुद्धा हातानेच करायचा.

झिप बांधताना

सेव्हन-झिपने झिप करत असाल तर खिडकीतल्या पॅरामीटर्सच्या चौकटीत सीयू बरोबर ऑन लिहा, म्हणजे इंग्रजीबाहेरच्या नावाला यूटीएफ-८ आणि बिट अकरा लागतो. घेणाऱ्याकडेही सेव्हन-झिप असेल तर सरळ सेव्हन-झेड प्रकारात बांधा. त्यात नावं मुळातच युनिकोडमध्ये असतात, बिट लागला की नाही हा प्रश्न उरत नाही. पासवर्ड द्यायचा असेल तर इंग्रजी अक्षरांत द्या, मराठी पासवर्डलाही हाच कोष्टकांचा घोळ लागू आहे. आणि झिपचा साधा पासवर्ड फाइलींची नावं झाकत नाही. जमिनीच्या कागदांवर माणसांची नावं असतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

काही जण म्हणतात, कशाला मराठी नावाचा आग्रह, इंग्रजीत द्या. मला ते पटत नाही. कागद ज्याच्या आजोबांचा आहे त्याला तो आपल्या भाषेत सापडला पाहिजे. मी मधला रस्ता काढतो. प्रत्येक नावाच्या आधी चार इंग्रजी आकडे देतो आणि मग मराठी. ते आकडे जगातल्या सगळ्या कोष्टकांत सारखे आहेत, ते कधी बिघडत नाहीत आणि एकावर एक फाइल लिहिली जात नाही. सोबत त्याच आकड्यांची आणि पूर्ण नावांची यादी झिपमध्येच ठेवतो. एक्सेलमधून काढत असाल तर साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा, साधा सीएसव्ही घेतला तर यादीतच प्रश्नचिन्हं होतील. यादीच्या फाइलीचं स्वतःचं नाव इंग्रजीत ठेवा.

आणि सगळा गठ्ठा पाठवण्याआधी एक रिकामी टेक्स्ट फाइल करा, तिला 'ऐन झुंजुरकं, एका शेतकऱ्याचं ॲप' असं नाव द्या, तेवढीच झिप करून पाठवा आणि समोरच्याला फोनवर नाव वाचायला लावा. या ओळीत ऐ, झ, ह्रस्व उकार, हलन्त, ए, ऱ आणि ॲ असे सगळे अडणारे आलेत. सेलूच्या मुलीच्या भावाने दुसरी खेप पाठवली तेव्हा तिने हेच केलं. "झुंजुरकं आलं बघा सर, नीट आलं," असा तिचा फोन आला, आणि मग त्याने उरलेले एकोणनव्वद कागद पाठवले.